न भाजलेला चेहरा

आमच्या मानलेल्या काकांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. समोरचा हसला की मगच तो कोण ते त्यांना कळायचं. तरुणपणापासून साठी उलटेपर्यंत त्यांनी नांदेडात कवळ्या केल्या. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि काका आपल्या खोलीत बसून त्यावर दात बसवायचे. पेशंट त्यांनी कधी पाहिलाच नाही, पाहिला तो त्याचा जबडा, तोही प्लास्टरचा. त्यामुळे भाजीबाजारात एखादा म्हातारा मेथीच्या जुडीवरून घासाघीस करता करता हसला, की काका थबकायचे, वाकून त्याच्या तोंडात बघायचे आणि म्हणायचे, "वरची कवळी माझी हाय. खालची कुणाकडून केली? पार वाट लावलीय." म्हातारा भांबावून तोंड मिटून घ्यायचा. बरोबर मी असले तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी नायगावच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळते आणि नांदेडहून रोज अप-डाउन करते. बसमध्ये मोबाइल बघून बघून मला पॉलिमर क्लेचं वेड लागलं. कानातली, किल्लीला अडकवायची आंब्याची फोड, बोटाच्या पेराएवढी पुरणपोळी, असलं काय काय त्या क्लेचं करतात. पण ही क्ले उन्हात वाळत नाही, ती ओव्हनमध्ये भाजावी लागते. आणि ज्या ओव्हनमध्ये ती भाजली, त्यात पुन्हा खायचं काही करायचं नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वासाला ओव्हनसकट मला घराबाहेर काढायची तयारी केली होती.

माझ्यासारख्याच आणखी दोघी निघाल्या. चित्रकला शिकवणाऱ्या शिंदेबाई आणि ब्लाउज शिवणाऱ्या रझियाआपा. शिंदेबाईंच्या आईची कवळी काकांनी केलेली, म्हणून बाईंना त्यांची बंद पडलेली खोली माहीत होती. तिथं टेबल होतं, छोटा ओव्हन होता, बारीक बारीक हत्यारं होती. आम्ही तिघी विचारायला गेलो. काकांनी दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओव्हन देतो. पर मलाबी बसू द्यावं लागंल. मंडळी गेल्यापासून रविवार लई मोठा झालाय."

त्यांच्या मंडळी, म्हणजे त्यांची बायको, दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायच्या आणि दुपारी घरी येऊन त्यांना जेवायला वाढायच्या. त्या गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा पांढऱ्या साडीतला फोटो होता, ओठ घट्ट मिटलेले.

काका असे आमच्यात आले आणि महिन्याभरात आम्ही त्यांच्यात गेलो. काकांचे नियम सुरू झाले. पहिला नियम, हिला माती म्हणायचं नाही. "माती मळायला आपले बापजादे व्हते. हे प्लास्टिक हाय, प्लास्टिक म्हणा, त्याला राग येत न्हाई." दुसरा, पांढरा रंग आधी मळायचा, लाल सगळ्यांत शेवटी, आणि लाल कपडे घालून यायचंच नाही, कारण कपड्याचा एक तंतू पांढऱ्यात गेला की जन्मभर दिसतो. रझियाआपा एकदा लाल ओढणी घेऊन आल्या तर काकांनी त्यांना मोतीबिंदूच्या पेशंटसारखं पांढऱ्या चादरीत गुंडाळून बसवलं. "काका, मेरेकू कफन नक्को पहनाव अभी," असं म्हणून आपा इतक्या हसल्या की त्या दिवशी काही काम झालं नाही. बाहेर देशात क्ले लाटायला कसलंसं यंत्र वापरतात म्हणे. आमच्याकडे काकांच्या मंडळींची शेवयांची मशीन होती. मे महिन्यात क्ले हाताला चिकटायला लागली की काका सकाळी सातलाच बोलवायचे, आणि दर दहा मिनिटांनी माठातल्या पाण्यात हात बुडवायला लावायचे. हात पुसताना टॉवेलचा तंतू लागला नाही ना, हे स्वतः भिंग लावून तपासायचे.

पण खरा नियम वेगळाच होता. बसल्या बसल्या ते विचारायचे, "काय बिघडलं?" आठवड्यात जे फसलं असेल ते आधी टेबलावर ठेवायचं. ते ठेवल्याशिवाय चांगलं झालेलं दाखवायची सोय नव्हती. "चांगलं झालेलं कुणीबी दाखवतं. बिघडलेलं दाखवा, त्यातून दुसरीला कायतरी गावंल." एकदा मी घाईघाईत ओव्हनचा काटा दुप्पट फिरवला आणि कानातल्यांचे चक्क कोळसे केले. लाजून मी ते पिशवीतच ठेवले होते. काकांनी काढायला लावले, किती मिनिटं, वरच्या जाळीवर की खालच्या, धूर कधी निघाला, सगळं विचारून घेतलं आणि ते कोळसे काचेच्या बरणीत घातले. "लई मोलाची चीज केली माय तू," म्हणाले. ते आम्हा सगळ्यांनाच माय म्हणायचे.

शिंदेबाईंच्या भाचीच्या लग्नात रुखवतासाठी आम्ही इवलंसं ताट करायला घेतलं होतं. भाकरी, ठेचा, येसर आमटी, कांदा. बाईंनी फोटो बघून भाकरी केली, गोल, गुळगुळीत. काकांनी ती चिमट्यात धरून बघितली. "ही भाकर न्हाई, शर्टाचं बटन हाय. तू शेवटची भाकर कधी खाल्ली?" बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज खाते. "खात असशील. बघितली न्हाईस." मग ते उठले, मागच्या खोलीत गेले, स्वतः ज्वारीचं पीठ मळून तव्यावर तीन भाकरी टाकल्या आणि तेल-ठेच्याबरोबर आमच्यापुढे ठेवल्या. खाऊन झाल्यावर म्हणाले, "आता कर." बाईंनी पापुद्रा उचलला, कडेला करपलेले डाग दिले, मधे बोटांचे ठसे सोडले. काकांनी ती पुन्हा चिमट्यात धरली. "आता झाली. आता करणारीचा हात पोळलेला दिसून राहिलाय." लग्नात त्या ताटाभोवती बायकांची जी गर्दी झाली, तिचं कौतुक शिंदेबाई अजून सांगतात.

मी हे हसत लिहिते आहे, पण खरं सांगते, तसे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. त्या खोलीत मला कुणी काही मागत नव्हतं. सही नाही, शिक्का नाही, डबा नाही. चार माणसं मान खाली घालून इवल्या इवल्या वस्तू करत बसलेली, आणि मधूनच काका म्हणणार, "हात थरथरून राहिलाय, चहा घे."

साडेतीन वाजले की काका आमच्याकडे पाठ करायचे आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे. तिथं फरशीच्या एका तुकड्यावर एक स्टीलची वाटी पालथी असायची. वाटी उचलली की खाली एक डोकं, लिंबाएवढं. त्यांच्या मंडळींचं. वर्षभर ते काम चाललं होतं. केस झाले होते, कपाळ झालं होतं, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा झाल्या होत्या. काकांचा जीव अडकला होता तो तोंडात. ते तोंड उघडं होतं, हसणारं.

मंडळींचा पुढचा एक दात वाकडा होता. त्यामुळे चारचौघांत त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि फोटोत ओठ मिटून घ्यायच्या. काका गावाच्या बत्तिशा नीट करणारे, त्यांनी किती वेळा म्हटलं, एका आठवड्यात सरळ करतो. त्या म्हणायच्या, हाय तसं राहू द्या. घरात, दोघंच असताना मात्र तोंड भरून हसायच्या. त्या हसण्याचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. "ते हसू माझ्या एकट्याजवळ हाय," काका मला एकदा म्हणाले होते. "म्या गेलो का संपलं. त्याच्या आत ते उतरून ठिवायचंय." पॉलिमर क्लेचा गुण असा की भाजली नाही तर ती वर्षानुवर्षं मऊ राहते. म्हणून काका ते डोकं भाजत नव्हते. दर रविवारी सुईच्या टोकानं तांदळाच्या कणीएवढे दात काढायचे, पुन्हा लावायचे, आणि वाटी पालथी घालायचे.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. माझा स्वभाव घाईचा. आलेला कागद त्याच दिवशी मार्गी लागला नाही तर मला घास गिळत नाही. त्या रविवारी चारला लाइट जाणार असा मेसेज आला होता. शिंदेबाई आल्या नव्हत्या, रझियाआपा मागे नळावर हत्यारं आणि मशीन घासत बसल्या होत्या, आणि त्या दिवशी लवकरच स्टुलावर बसलेले काका मुलाचा लातूरहून फोन आला म्हणून वाटी पालथी न घालताच गॅलरीत गेले होते. मुलगा त्यांना कायमचं लातूरला या म्हणून मागे लागला होता, त्यामुळे फोन लांबला. मी घड्याळ बघितलं. भाजायला अर्धा तास लागतो. मी टेबलावरचं, स्टुलावरचं, दिसेल ते सगळं एका फरशीवर मांडलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. कच्ची क्ले आणि भाजलेली क्ले नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. डोकं मी उचललं तेही मला नीट आठवत नाही, इतकी मी घाईत होते.

काका आत आले. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, रिकाम्या वाटीकडे बघितलं, मग ओव्हनच्या काचेतून आत. मी ओव्हनच्या मुठीला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"किती मिनिटं झाली?"

"पंचवीस."

"मंग ऱ्हाऊ दे. आता मधीच काढली तर ठिसूळ ऱ्हाईल. पुरं होऊ दे."

घंटी वाजेपर्यंत पाच मिनिटं ते हात मागे बांधून ओव्हनसमोर उभे होते. मी रडत होते. आपा ओले हात घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांना काही कळेना. घंटी वाजली आणि थोड्याच वेळात लाइट गेली. काकांनी डोकं फडक्यात धरून खिडकीशी नेलं. आपांनी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "अल्ला, कैसी हस री देखो काका. जित्ती लग री."

"हसून राहिली, बरोबर हाय," काका म्हणाले. "पर दात कोन्त्या अंगाला व्हता, तेच मला आठवून न्हाई राहिलं, माय."

काकांनी मान वर केली नाही. गेलं वर्षभर ते एका रविवारी दात डाव्या बाजूला बसवत होते आणि पुढच्या रविवारी उजव्या. त्यातली खरी बाजू एक दिवस आपोआप ध्यानात येईल, या आशेवर ते डोकं कच्चं ठेवलं होतं. त्या दिवशी तो डावीकडे होता, तिथंच तो पक्का झाला. "साऱ्या नांदेडचे दात माझ्या ध्यानात हायेत," ते म्हणाले, "आन घरचा न्हाई. पोराला इचारलं. तो म्हणला, आईचा दात वाकडा व्हता?"

मी हळूच म्हटलं, काका, तो दात सुरीनं कापून दुसऱ्या बाजूला नवा बसवू, पुन्हा भाजू, तसं चालतं. काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तिनं जितेपणी तोंडात हत्यार घालू दिलं न्हाई. आता ती बोलत न्हाई म्हणून घालू का?"

मंडळींची थोरली बहीण, आक्का, हदगावला होती. तिला विचारू या, असा धोशा मी लावला. काकांना शरम वाटत होती. काय सांगायचं त्या बाईला, की चाळीस वर्षं तुझ्या बहिणीचं तोंड बघितलं आणि विसरलो? तीन रविवार त्यांनी टाळलं. चौथ्या रविवारी मी तिकीट काढूनच त्यांना हदगावच्या बसमध्ये बसवलं. माझं पाप होतं, फेडायला मीच पाहिजे होते.

आक्का ओसरीवर कापसाच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. काकांना बघून त्या हसल्या, आणि काका सवयीनं म्हणाले, "ढिली झालीय का कवळी?" त्यांची कवळी काकांनीच केलेली. मग काकांनी पिशवीतून डबी काढली आणि काही न बोलता डोकं त्यांच्या हातावर ठेवलं. आक्कांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"धाकले," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी बोटानं तोंड चाचपलं आणि म्हणाल्या, "दात हिकडं न्हवता. उजव्या अंगाला व्हता."

"पक्कं?" काकांनी विचारलं.

"पक्कं म्हंजी काय. म्याच पाडला तो वाकडा. इटीदांडू खेळून राहिलो व्हतो. माझी इटी लागली तिला. नवाच आला व्हता दात. आईनं इचारलं तर म्हणली, पायरीवर पडले."

"मला म्हणली, जन्मापासून हाय," काका म्हणाले.

"तसंच सांगायची समद्यांला. मला मार बसंल म्हणून. मंग तुमच्या घरी आली तवा म्या म्हणलं, तुझा नवरा दाताचा माणूस हाय, घे की नीट करून. तर म्हणली, ऱ्हाऊ दे, तुझी निशाणी हाय." आक्कांनी डोकं काकांकडे दिलं. "जलमभर तोंड झाकून हसली बाई ती, आन म्या जलमभर बघितलं."

मी उठून अंगणात गेले, मला तिथं थांबवेना.

परतीच्या बसमध्ये वारंगा फाटा मागे पडला. मग काका एकदम खुदकन हसले. "चाळीस वर्षं म्या त्या दाताला नावं ठेवली. सरळ करू, सरळ करू. एकदाबी म्हणली न्हाई कुणाचा हाय ते." मी विचारलं, आता नवीन डोकं करायचं का, उजव्या बाजूचा दात लावून? त्यांनी मान हलवली. "डोळे मिटले का दिसून राहिलं आता. साफ." आणि डबी माझ्या मांडीवर ठेवली. "हे तू ठिव. भाजलं तू हाय." मला माफ केलं की चिडवलं, ते मी अजून ठरवू शकले नाही. बहुतेक दोन्ही.

त्या दिवाळीनंतर मुलगा त्यांना लातूरला घेऊन गेला. खोली भाड्यानं गेली, ओव्हन रझियाआपांनी नेला. आम्ही तिघींनी आपांच्या घरी दोन-चार रविवार बसून पाहिलं. "काय बिघडलं?" हे विचारायला कुणी नव्हतं, मग जी ती आपलं चांगलंच दाखवायला लागली, आणि हळूहळू येणंच बंद झालं. आता आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त शुभ सकाळची फुलं येतात. मी अजून बसमध्ये मोबाइलवर क्लेचे व्हिडिओ बघते, पण हात लावत नाही. काकांची इतकी आठवण येते की कधी कधी रागच येतो त्यांचा.

गेल्या वर्षी कचेरीच्या कामानं लातूरला गेले, तेव्हा वेळ काढून त्यांच्या घरी गेले. सुनेनं दारातच हळू आवाजात सांगितलं, हल्ली त्यांना ओळख राहत नाही, मुलालाही कधी कधी साहेब म्हणतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झाले होते. मी पाया पडले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कोन्त्या गावच्या माय तुमी?"

मी म्हटलं, नांदेडची. त्यांनी मान डोलावली, जसं अनोळखी माणसाला डोलावतात तसं. मी क्लेचं बोलले, शिंदेबाईंच्या भाकरीचं, आपांच्या चादरीचं. काही नाही. ते सभ्यपणे ऐकत होते. उठायच्या आधी मी पर्समधून डबी काढली आणि डोकं त्यांच्या हातात दिलं.

डोकं उजेडाकडे धरून त्यांनी ते सावकाश फिरवलं. नखानं केस बघितले, सुरकुत्या बघितल्या. मग तोंडाशी येऊन थांबले.

"काम कुणाचं हाय हे?"

माझ्या तोंडून खरं निघेना. म्हटलं, "आमचे एक काका होते नांदेडला, त्यांचं."

"हात लई चांगला हाय त्यांचा," काका म्हणाले. "पर दात चुकला. ह्या बाईचा उजव्या अंगाला हाय." त्यांनी डोकं दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत परत ठेवलं. "त्यांला म्हणावं, मला इचारायचं व्हतं. म्या सांगितलं असतं."

"हाव काका," मी म्हणाले, "सांगते त्यांना."